अकरा झडपा

४ ऑक्टोबर

प्रिय ताई,

नमस्कार. वाकून केलाय असं समज. खरोखर वाकलो की हल्ली कंबर तिथेच धरते आणि उठवायला माणूस बोलवावा लागतो.

तुझं पत्र काल दुपारी आलं. उघडायच्या आधीच कळलं, बातमी चांगली आहे. खूश असलीस की पत्ता लिहितानासुद्धा तुझ्या ओळी वर वर चढतात. टिल्लू थर्ड इंजिनियर झाला! वा रे पठ्ठ्या! सहा फुटांच्या माणसाला आपण अजून टिल्लू म्हणतो, निदान बोटीवर सोडायला जाशील तेव्हा खलाशांसमोर तशी हाक मारू नकोस. माझ्यातर्फे त्याच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घाल.

बोट कुठली ते मात्र मी दोनदा वाचलं. धाकटी.

योगायोग बघ. त्याच कंपनीनं गेल्या महिन्यात मला धाकटीचंच मॉडेल करायला सांगितलंय, त्यांच्या ऑफिसात शिरल्या शिरल्या काचेच्या पेटीत ठेवायला. एकाच नकाशावरून दोन बोटी बांधलेल्या, म्हणून बंदरातले लोक आधीच्या बोटीला थोरली म्हणायचे आणि नंतरच्या बोटीला धाकटी. म्हणजे माझ्या टेबलावर सध्या पसरलेत ते भाऊजींच्या थोरलीचेच नकाशे. ती बुडाली त्याला येत्या नोव्हेंबरात बावीस वर्षं होतील, आणि नकाशावर रेघन् रेघ तशीच आहे.

बाकी माझं ठीक चाललंय. खिडकीजवळचं टेबल, एक डोळा भिंगाला, दुसरा मिटलेला, नाकात लाकडाचा भुस्सा. खालचा सायकलवाला दिवसभर ठोकाठोक करतो, त्या तालावर माझी पटाशी चालते. लोक अजून विचारतात, मासिकात एवढं नाव असताना लिहिणं सोडून ही खेळणी करायचं कुठून सुचलं? मी सांगतो, लिहून लिहून डोळे गेले. मग ते विचारतात, अहो, मग ही बारीक कामं कुणाच्या डोळ्यांनी करता? अशा वेळी मी चहा टाकायला उठतो.

टिल्लूच्या चौथ्या वाढदिवसाला मी थोरलीचं मॉडेल करून दिलं होतं, आठवतं? माझं पहिलंच मॉडेल, नळकांडं जरा तिरकंच बसलं होतं. बोटीवर बोट ठेवून तो तिच्या कडेच्या झडपा मोजायचा. एक, दोन, तीन... अकरा. कितीतरी दिवस त्याचे आकडे अकरालाच संपायचे. तू म्हणायचीस, याला बारा शिकवायचे तर मामाला आणखी एक झडप लावायला सांगावी लागेल.

एक काम होतं. भाऊजींचा फोटो आणि त्याखाली माझ्या लेखाचं कात्रण, ती फ्रेम अजून बाहेरच्या खोलीतच आहे ना? पुठ्ठ्यानं ओल धरली असेल. पार्सलनं पाठवून दे, मी काच बदलून नीट करून देतो. टिल्लू रजेवर येईल त्याच्या आधी पाठव. घाई नाही तशी. पण आधी पाठव.

आणि तो तीस तारखेलाच चढणार, की मागेपुढे होऊ शकतं? आपलं सहज विचारलं.

तुझा
बडबड्या

०

१२ ऑक्टोबर

प्रिय ताई,

फ्रेम भिंतीवरून उतरणार नाही, हे तुझं उत्तर मिळालं. "प्रत्येक रजेला टिल्लू आधी त्या फोटोसमोर उभा राहतो, मग बूट काढतो. तेव्हा तुझी काच तुलाच लखलाभ." बरं बाई. राहू दे.

परवा तुझ्या शेजारच्या घड्याळवाल्यांकडे फोन केला तो काही सांगायला केला होता. तू धावत आलीस, तुला दम लागला होता, मागे त्यांची सगळी घड्याळं टकटक करत होती, आणि घड्याळवाल्या वहिनी तिथेच भाजी निवडत बसलेल्या. मग मी हवा कशी आहे ते विचारलं. तुला वाटलं असेल, भाऊ सटकला.

झालं असं. टिल्लू धाकटीवर काम समजून घ्यायला गोदीत जातोय, म्हणून मी त्याला लिहिलं होतं, तिचे चारी बाजूंनी फोटो काढून पाठव. नकाशा कितीही चांगला असला तरी खरी बोट वापरानं बदलते, कुठे शिडी येते, कुठे दार जातं. पोरानं बारा फोटो पाठवले. सोबत चिठ्ठी: "मामा, सापडलास! लहानपणापासून तुझ्या मॉडेलवर अकरा झडपा मोजतोय. खऱ्या बोटीला सातच आहेत. एवढा मोठा कारागीर आणि मोजण्यात चुकलास?"

ताई, नकाशात अकरा आहेत. मी भिंग लावून फोटो बघितले. अकराच्या अकरा जागा तिथे आहेत. सात जागांवर वरच्या बाजूला बिजागरी दिसते. मधल्या चार जागांवर पत्रा मारून वेल्ड केलंय आणि वरून रंग दिलाय. लांबून सपाट दिसतं. दुसऱ्या बाजूला तेच, त्याच चार जागा.

तू शिवणाचा क्लास चालवतेस, तुला बोटीतलं काय कळणार असं म्हणू नकोस, सोपं आहे. डेकच्या कडेला कंबरभर उंच लोखंडी भिंत असते. लाट वर आली की पाणी त्या भिंतीच्या आत अडकतं. ते जायला खाली झडपा असतात, फक्त बाहेर उघडणाऱ्या. आतलं पाणी ढकलून बाहेर जातं, बाहेरचं आत येत नाही. समुद्र खवळला की त्या धाडधाड आपटतात आणि प्रवासी तक्रार करतात. एवढीच त्यांची खोड.

मी तुला घाबरवत नाहीये. गोदीत दुरुस्ती चालू आहे, कदाचित काढतीलही ते पत्रे. मी कंपनीला पत्र टाकलंय. तू टिल्लूला तेवढं विचार, त्याला तापबीप नाहीये ना, अंगात कसकस वगैरे. लहानपणी जरा वारा लागला की आजारी पडायचा. या वेळी पडला तर मला वाईट वाटणार नाही.

तुझा
बडबड्या

०

१९ ऑक्टोबर

प्रिय ताई,

"तुझं काहीतरी बिनसलंय, नीट सांग." हे एकच वाक्य लिहिलेलं तुझं कार्ड आलं. सांगतो.

काल कंपनीचा माणूस आला होता. इस्त्रीचे कपडे, गोड बोलणं. मी मॉडेलवर चार झडपा बंद दाखवल्या होत्या. त्यानं भिंग मागून घेतलं, वाकून बघितलं आणि म्हणाला, "या उघड्या करा. अकरा."

मी म्हटलं, "बोटीवर सात आहेत."

"नकाशात अकरा आहेत ना? मग झालं तर. शोकेसमध्ये बरं दिसतं."

"आणि बोटीवर?"

"बोटीवर शोभेचं काय काम?" असं म्हणून तो हसला. माझ्या पत्राचं विचारलं तर म्हणाला, साहेबांना दिलंय, साहेब दौऱ्यावर आहेत. जाताना दारात थांबून म्हणाला, "तुमचा भाचा आमच्याकडे लागलाय असं ऐकलं. हुशार मुलगा आहे." यात वाईट काहीच नव्हतं, पण तो गेल्यावर मी आतून कडी लावून घेतली.

बंदराच्या कचेरीतही जाऊन आलो. तिथल्या कारकुनानं कपाटातून कागद काढून दाखवला. तपासणी झालेली आहे, झडपा अकरा, शेरा "योग्य". तक्रार असेल तर बोटीवरच्या माणसानं सही करून द्यावी, बाहेरच्यांची घेत नाहीत. मी टिल्लूला लिहिलं. त्याचं उत्तर आलंय ते तुला जसंच्या तसं देतो: "मामा, नव्या नोकरीच्या पहिल्या आठवड्यात तक्रार? बाबांची बोट वादळात गेली, झडपांमुळे नाही. तूच तर लिहिलंयस, त्या अदबीनं गप्प बसतात!"

पाठ आहे त्याला ते वाक्य. तुलाही आहे. फ्रेमवर रोज दिसतं.

आता ऐक. मी तो लेख लिहायला थोरलीवर चार दिवस होतो, ती बुडायच्या महिनाभर आधी. तिसऱ्या दिवशी सकाळी भाऊजी मला डेकवर घेऊन गेले आणि मधल्या चार झडपांवर हात आपटून दाखवला. पत्रा मारलेला होता. म्हणाले, "अकरापैकी चार झडपा बंद केल्यात. आवाज होतो म्हणून. पाणी चढेल तेवढं उतरणार नाही. लेखकराव, हे लिहा. मी बोललो तर नोकरी जाईल. तुम्ही लिहा, तुमचं वाचतात."

मी लिहिलं होतं, ताई. संपादकांनी कापलं. मासिकाचा तो सहलींचा खास अंक होता, तक्रार नको म्हणाले.

बावीस वर्षं हे तुला सांगितलं नाही. माफ कर.

परवा मी मॉडेलच्या बोटींचे दोन रद्दी सांगाडे घेतले, एकाला अकरा झडपा पाडल्या, एकाला सात. धुण्याच्या टबात सोडले आणि मगानं डेकवर पाणी ओतत गेलो. खेळण्यावरून बोटीची परीक्षा होत नाही, हे मला तुझ्यापेक्षा जास्त कळतं. अकरावाला डुलत राहिला. सातवाल्यावर पाणी साठलं, ते एका बाजूला धावलं आणि त्याच्यामागे तो कलंडला. मी पुन्हा केलं. तेच. नऊ वेळा केलं. मग टब मोरीत उपडा करून टाकला.

त्याला जाऊ देऊ नकोस.

तुझा
बडबड्या

०

२४ ऑक्टोबर

ताई,

तुझं पत्र आत्ता दहा वाजता आलं आणि मी हातातलं काम टाकून बसलोय. हे रजिस्टरनं पाठवतोय, सत्तावीसला टिल्लू घरी येईल त्याच्या आत तुझ्या हातात पडायला हवं.

तू लिहिलंस, "यात तुझा काय दोष? तू लिहिलंस, संपादकानं कापलं. एवढी वर्षं एकटा कुढत बसलास, वेडा कुठला. आता ते मनातून काढून टाक. थोरलीचं म्हणशील तर चौकशी समितीनं सगळं तपासूनच वादळ म्हटलं होतं ना? मग पोराची नवी नोकरी मी तुझ्या टबावरून मोडू का?"

तू मला माफसुद्धा करून टाकलंस. मला खरं तर रडायला यायला हवं होतं. पण भीती वाटली, कारण ती माफी ज्याच्यासाठी आहे ते घडलंच नव्हतं.

संपादकांनी काहीही कापलं नाही. त्या आठवड्यात ते आजारी होते, हॉस्पिटलात. त्यांच्या जागी अंक मी लावला. त्या पानावर माझ्याशिवाय कुणाची नजरही गेली नाही.

झालं ते असं. मी लेख लिहायला बसलो आणि लेख छान उतरत होता. हसरा, हलका, माझ्या हातून तेव्हा जसा उतरायचा तसा. भाऊजींचं म्हणणं कुठे घालावं कळेना. जिथे घालीन तिथे लेख जड व्हायचा. मी तीन वेळा घातलं, तीन वेळा खोडलं. आणि मग मला ते वाक्य सुचलं: "प्रवाशांची झोपमोड नको म्हणून या बोटीच्या झडपासुद्धा अदबीनं गप्प बसतात." सुचलं आणि मी खुर्चीतून उठून टाळी वाजवली, ताई. एकटाच. मला वाटलं, ज्याला कळायचं त्याला कळेल आणि लेखही बिघडणार नाही. कुणाला कळणार होतं? कुणी दबाव आणला नाही, कुणी धमकी दिली नाही. मला वाक्य आवडलं, एवढंच कारण.

अंक निघाला तेव्हा भाऊजी घरीच होते. त्यांनी वाचला, माझ्याकडे बघितलं. मी लगेच म्हटलं, "संपादकांनी कापलं हो." ते म्हणाले, "वाक्य छान जमलंय, लेखकराव." तू ते ऐकलंस आणि कात्रण जपून ठेवलंस. तुला वाटलं ते कौतुक करताहेत. चौथ्या दिवशी ते बोटीवर गेले.

आणि समिती? तिनं काय तपासलं ते तू विसरलीस. आपण दोघं मागच्या बाकावर बसलो होतो. झडपांचा प्रश्न निघाला होता, कुठल्यातरी वाचलेल्या खलाशानं काढला होता. कंपनीचा वकील उठला आणि त्यानं मासिकातून माझं वाक्य वाचलं. म्हणाला, महिन्यापूर्वी चार दिवस बोटीवर राहिलेला नामवंत लेखक सांगतोय, झडपा होत्या, आणि इतक्या सुस्थितीत होत्या की आवाजसुद्धा करत नव्हत्या. तू माझा हात दाबलास. तुला अभिमान वाटला होता, मी बाजूला बघितलं तेव्हा तुझ्या चेहऱ्यावर दिसत होतं. मी उठायला हवं होतं. तोंड उघडलं असतं तर तेवढ्यानं झालं असतं. माझ्या झोळीत त्या झडपांचा फोटो होता. मी बसून राहिलो. त्या दिवसानंतर मी एक ओळ लिहिली नाही, आणि तू सगळ्यांना सांगितलंस की भाऊला मेहुण्याच्या जाण्यानं धक्का बसला.

मग मॉडेल करू लागलो. म्हटलं, इथे शब्द नाहीत, खोटं बोलता येणार नाही. आणि पहिलंच मॉडेल केलं ते तुझ्या पोरासाठी, थोरलीचं, आणि त्यावर अकरा झडपा उघड्या कोरल्या. तो त्याच मोजत मोठा झाला. ते मॉडेल हातात धरून समुद्रावर जायचं म्हणायला लागला. आणि आता खरी बोट बघून त्याला वाटतं, मामा मोजण्यात चुकला.

कंपनीचं मॉडेल मी परवाच खोक्यात भरून परत केलं. सात उघड्या, चार बंद. ते शोकेसमध्ये ठेवणार नाहीत, हे माहीत आहे. टिल्लू माझं ऐकणार नाही. त्याला थांबवायला मी तोंड उघडलं की तो मला माझंच वाक्य ऐकवतो. कंपनी ऐकणार नाही. तू ऐकशील की नाही, मला माहीत नाही, म्हणून तू माझ्या शब्दावर विश्वास ठेवावास असं मी मागतच नाही. मी सांगतो तेवढं कर.

ती फ्रेम मी करून दिली होती, आठवतंय ना? फोटो मी धक्क्यावरून काढलेला. भाऊजी पुढे उभे, मागे थोरलीची कड. फ्रेमवाल्याला मी सांगितलं होतं, फोटोच्या खालच्या बाजूचा पुठ्ठा दोन बोटं वर घे. तो म्हणाला, साहेब, फोटो झाकला जाईल. मी म्हटलं, जाऊ दे. बावीस वर्षं तू जो फोटो पुसतेयस त्याच्या खालच्या दोन बोटांत काय आहे ते तू कधी पाहिलेलं नाहीस. फ्रेम पाठव, पाठव म्हणून मी जीव खाल्ला तो काच बदलायला नाही. मला ती पट्टी कापून टाकायची होती. पहिलं पत्र लिहिलं त्या दिवशी, टिल्लू त्या बोटीवर चढणार हे कळल्यावरसुद्धा, मी आधी स्वतःला वाचवायला बघत होतो. हे वाचून तुला जे वाटेल ते वाटू दे.

टिल्लू आला की त्याला आधी बूट काढू देऊ नकोस. दोघांनी मिळून फ्रेम उतरवा. मागचे खिळे काढ, पुठ्ठा बाजूला कर. भाऊजींच्या पायांच्या दोन्ही बाजूंना झडपा दिसतील. बोट ठेवून मोज. नको, त्याला मोजू दे, त्याला सवय आहे. बिजागरी असलेल्या मोज म्हणावं. सात भरतील. मग त्यानं गोदीत काढलेले फोटो शेजारी ठेव, सोबत पाठवतोय. त्याच चार जागा. त्याला आपला बाप आणि आपली बोट एका ठिकाणी दिसू दे. त्यानंतर चढायचं की सही करून तक्रार द्यायची, ते तो ठरवील. तो भाऊजींचा मुलगा आहे, माझा नाही, एवढीच आशा आहे.

मी स्वतः येऊ शकलो असतो. मुद्दाम येत नाही. तुमच्या दोघांसमोर उभा राहिलो तर मला पुन्हा एखादं छान वाक्य सुचेल आणि तुम्ही दोघं हसाल.

पुठ्ठा काढल्यावर तू माझ्याशी बोलणार नाहीस. नको बोलूस. घड्याळवाल्यांकडे मी फोन करणार नाही, पत्र टाकणार नाही. तीस तारखेला सकाळी मात्र मी धक्क्यावर जाऊन उभा राहणार आहे, लांब, गोदामाच्या कडेला. तो शिडी चढताना दिसला नाही तर परत येईन.

भाऊजींनी लिहायला सांगितलं होतं ते खाली लिहितो. फार उशीर झालाय, पण यात माझा एकही शब्द नाही:

"अकरापैकी चार झडपा बंद केल्यात. पाणी चढेल तेवढं उतरणार नाही. हे लिहा."

लिहिलं, भाऊजी.

ताई, लहानपणी तू माझं नाव बडबड्या ठेवलंस, कारण माझ्या पोटात म्हणे काही राहायचं नाही.

बावीस वर्षं अदबीनं गप्प बसलेला,
तुझा बडबड्या